दोन वर्षांना रफू

ताईंना पोरं पाठीमागे रफूवाली म्हणायची. तोंडावर 'ताई, ताई', आणि जिना उतरला की रफूवाली. ताईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते नाव त्यांना थोडं आवडतही होतं. कारण होतंच तसं चपखल. टोळीतून बाहेर पडलेलं पोर त्यांच्यासमोर येऊन बसायचं, तेव्हा त्याच्या आयुष्याला मधोमध हे एवढं भोक पडलेलं असायचं. शाळा सोडली कधी आणि पुढे केलं काय? मधली वर्षं गेली कुठे? कॉलेजात मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न तोच. आता पोर काय सांगणार, 'साहेब, मी कोपऱ्यावर उभा राहायचो आणि पोलिसांची गाडी दिसली की शिट्टी मारायचो'?

मग ताई त्या भोकाला रफू करायच्या. एकाचे आजोबा त्यांनी अंथरुणाला खिळवले. एकाला परगावी काकांच्या गॅरेजात धाडला. हे काका अजून जन्माला यायचे होते. एका मुलीला पाठच्या जुळ्या भावांना सांभाळायला घरी बसवली आणि ती बिचारी एकुलती एक. काम बेमालूम. उगाच नाकं मुरडू नका, त्या रफूवर पोरं तरली होती. एक लिफ्टदुरुस्तीला लागला होता, ती एकुलती एक मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ताईंची खोली सायकलदुरुस्तीच्या दुकानावर. वर एक मोठं टेबल, घरघरणारा पंखा आणि भिंतीवर या सगळ्यांचे फोटो. पाहुणे आले की ताई फोटोंखाली उभ्या राहून बोलायच्या आणि बोलताना त्यांची मान जरा ताठच असायची.

त्या भिंतीवर सगळ्यात नवा फोटो होता कुलूपचा.

हे नाव टोळीनं दिलेलं, आणि ते दोन कारणांनी. एक तर पोरगा किल्ल्या बनवण्यात पटाईत. साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तिची जुळी बहीण हातात. आणि दुसरं, त्याचं तोंड. एकदा पकडला गेला, चौकीत बेदम मार खाल्ला, पण साबण कुणी दिला, घर कुणी दाखवलं, यातलं एक नाव तोंडातून काढलं नाही. आपल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, हा त्यांच्यातला पहिला आणि शेवटचा कायदा. ज्यांची नावं घेतली नाहीत ते मोकळे फिरले आणि हा सुधारगृहात गेला.

ताईंना तो तिथेच भेटला. ठशाची हकिगत ऐकून दुसरं कुणी असतं तर कपाळाला हात लावला असता. ताईंच्या डोक्यात वेगळाच दिवा पेटला. किल्लीचा ठसा घेणारा हात दातांचा का नाही घेणार? आणि खरोखरच, शहरातल्या दंतमहाविद्यालयात कवळ्या, कृत्रिम दात बनवायला शिकवणारा तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. ताईंनी कुलूपला बसवून बारावी करून घेतली, प्लास्टर कालवायला लावलं, स्वतःच्या दातांचा ठसा घेऊ दिला. त्या लगद्याची चव ताईंच्या तोंडातून दोन दिवस गेली नाही. पोरगं पहिल्यांदा हसलं ते तेव्हा.

राहता राहिलं भोक. दोन वर्षांचं.

"आई आजारी होती म्हणायचं," ताई म्हणाल्या. "तिचं करायला घरात दुसरं कोणी नव्हतं. खाली बघून म्हण. घाई करू नकोस."

"आई कशी आजारी असेल?" कुलूप म्हणाला. "तिला बघून सर्दी रस्ता बदलते."

"म्हण रे."

कुलूपनं म्हटलं. आणि नेम असा अचूक बसला की ताईंनाही अपेक्षा नव्हती. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसते सर म्हणत, त्यांची स्वतःची आई शेवटी अंथरुणात होती. हा गृहस्थ माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता दातांकडे बघून बोलायचा, अशी त्याची ख्याती. त्या दिवशी म्हणे त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा प्रश्नच विचारला नाही. कुलूपला जागा मिळाली. ताईंनी फोटो लावला.

पहिलं सत्र झकास गेलं. पोराचा हात असा की मेणातून दात कोरावा तर यानंच. पण पहाटे तो एका बेकरीत पाव भाजायला जायचा आणि तिथून थेट वर्गात. दुसऱ्या सत्रात डुलक्या सुरू झाल्या, उशीर सुरू झाला. दुसऱ्या कुणी मास्तरानं झापलं असतं. पण सरांना वाटलं, याच्या आईचं पुन्हा उलटलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "रविवारी दुपारी येतो रे आईंना भेटायला. मला नाही म्हणू नकोस."

कुलूपनं बाहेर येऊन ताईंना फोन लावला. "ताई, मेलो."

आता इथे ताईंना एक सरळ रस्ता होता. सरांकडे जायचं, समोर बसायचं आणि सांगून टाकायचं. तो रस्ता त्यांना दिसला नाही असंही नाही. रात्रभर दिसत होता. पण त्याच कॉलेजात पुढच्या वर्षी अजून तीन पोरांना घालायचं होतं. सर ताईंना ओळखत ते गरीब पोरांना शिकवणारी बाई म्हणून, टोळीचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. एकदा शब्द खोटा ठरला की पुढच्यांना दारात कोण उभं करील? अशी चांगली चांगली कारणं ताईंनी स्वतःला ऐकवली. पोटातलं कारण मात्र साधं होतं. त्यांना लाज वाटत होती.

रविवारी सकाळी त्या कुलूपच्या घरी गेल्या. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. कुलूपची आई एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. ओल्या चादरी यंत्रातून काढून इस्त्रीच्या रुळाखाली घालायच्या, दिवसभर. दंड पाहावेत तर पैलवानाचे. नवरा कधीच सोडून गेलेला, आणि त्याबद्दल ती अवाक्षर बोलत नसे. ताई आल्या तशी तिनं खुर्ची पुसली, चहा ठेवला.

ताईंनी कशीबशी गोष्ट सांगितली. "आई, तासाभराचा तर प्रश्न आहे. तुम्ही फक्त पडून राहायचं."

आई आधी हसली. मोकळी, खळखळून. "आणि आजार कसला झालाय मला?"

"मणक्याचा."

"अगं बाई! मणक्याचा? आणि रोज दोन दोन ओझी उचलते ती काय माझं भूत उचलतं?" मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. तिनं पोराकडे पाहिलं. "म्हणजे तू तिथे हे सांगितलंस? दोन वर्षं माझं करत होतास म्हणून?"

कुलूप जमिनीकडे बघत राहिला.

"मला आजारी पाडलं आणि मलाच पत्ता नाही," ती म्हणाली. पण आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईंना बरं वाटलं असतं. "जागा जाईल का हो त्याची, मी नाही पडले तर?"

"जाईल," ताई म्हणाल्या.

"मग पडते."

आणि ती तयारीला लागली, जणू घरात पाहुणे यायचेत. लाँड्रीचा गणवेश कपाटात गेला. डोकेदुखीच्या गोळ्या, जुनं खोकल्याचं औषध, पाण्याचा तांब्या असं सगळं उशाशी मांडलं. केस तिनं स्वतःच विस्कटले आणि आरशात बघून अजून थोडे विस्कटले. मग पलंगावर आडवी झाली. तिच्या अंगावर चादर नीट घालायला ताई वाकल्या. एका धडधाकट बाईच्या गळ्यापर्यंत चादर ओढताना त्यांचे हात मध्येच थांबले. आईनंच ते धरले आणि म्हणाली, "असू द्या हो ताई. पोरासाठी काय काय करतो आपण." त्या 'आपण'नं ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर आले. तीन जिने चढून धापा टाकत, हातात फळांची पिशवी. कुलूपनं खुर्ची पुढे केली. सर बसले, आईकडे पाहिलं आणि सवयीप्रमाणे नजर तोंडावर स्थिरावली.

"दात मात्र फार छान राखलेत तुम्ही. एवढ्या आजारपणात पहिल्यांदा दातच जातात."

आईनं झटकन तोंड मिटलं. खोलीत नळ ठिबकल्याचा आवाज येऊ लागला.

"ह्यानं राखले," आई म्हणाली. "रोज सकाळी ब्रश हातात आणून द्यायचा. मी कंटाळा केला की रागवायचा."

"वा!"

"तुम्हाला काय सांगू सर." आणि मग ती बोलायला लागली. ताईंनी तिला फक्त पडायला सांगितलं होतं, बोलायला नाही. पण ती बोलत सुटली. पोरगा केस विंचरून द्यायचा, म्हणाली. गुंता झाला की ओढायचा नाही, खालून वर सोडवत यायचा. चमच्यानं भरवायचा, आधी स्वतःच्या ओठाला लावून बघायचा फार गरम नाही ना. खिडकीतून भिंतच दिसते म्हणून बाहेरून आल्यावर रस्त्यात काय काय बघितलं ते सगळं सांगायचा. "रात्री तर मी नुसतं हूं केलं ना, की हा जागा. म्हणायचा, आई, मी आहे. मी इथेच आहे."

त्या दोन वर्षांतल्या रात्री ती खरी कुठे होती, हे ताईंना माहीत होतं. तिनंच एकदा सांगितलं होतं. दाराला पाठ लावून बसायची, जिन्यावर पाऊल वाजलं की उठायची आणि पाऊल वर निघून गेलं की परत बसायची. सुधारगृहातून निरोप आला तेव्हा तिला म्हणे रडू आलं नाही. निदान कुठे आहे हे तरी कळलं, म्हणून त्या रात्री झोप लागली.

आता ती त्या रात्रींच्या जागी दुसऱ्या रात्री मांडत होती. तिला हव्या होत्या तशा. थाप मारणाऱ्या माणसाचा चेहरा ताईंना चांगला ओळखता यायचा, तो त्यांचा धंदाच होता, आणि हा चेहरा तसला नव्हता. ताईंनी कुलूपकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

सरांनी चष्मा काढला. "मी माझ्या आईचं एवढं नाही केलं," ते म्हणाले. "बाई ठेवली होती. मी संध्याकाळी दारातून डोकावायचो. तू मला लाजवलंस बेटा."

"सर, बास," कुलूप म्हणाला.

"अरे, खरं तेच..."

"नाही सर. खरं नाही. आई ठणठणीत आहे. तिला काही झालं नव्हतं. ती दोन वर्षं मी टोळीत होतो, किल्ल्या बनवायचो चोऱ्यांसाठी. मग सुधारगृहात. मी तिच्याजवळ एक रात्र नव्हतो. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." त्यानं पलंगाकडे पाहिलं. "आई, ऊठ."

आई उठली नाही. तिनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. परक्या माणसासमोर त्या अवस्थेतून उठून बसायचं तरी कसं? आत ती रडत होती की नुसती पडून होती, कळायला मार्ग नव्हता.

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारलं, "हे सांगायचं तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. माझंच डोकं."

सर ताईंकडे वळले. "ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

आणि ताई म्हणाल्या, "नाही."

शब्द तोंडातून गेला, आणि कारणं मागाहून आली. ती पुढच्या वर्षीची तीन पोरं, भिंतीवरचे फोटो, खोलीचं नाव, सगळी रांगेनं आली. तोवर उशीर झाला होता. पण ताईंच्या काळजात खोल गेलं ते वेगळंच. कुलूपनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, अगदी किंचित. त्या मानेत तक्रार नव्हती. ठीक आहे, तुमचं नाव येणार नाही, एवढंच होतं. चौकीत मार खाताना बाहेर मोकळ्या उभ्या असलेल्यांना त्यानं अशीच मान हलवून दाखवली असेल.

सर उठले. ताई त्यांच्या मागोमाग निघाल्या. उतरताना सरच त्यांची समजूत घालू लागले.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. एवढं जीव तोडून करता आणि एखादा असा तोंडघशी पाडतो. उद्या त्याचं नाव काढून टाकावं लागेल, माझा इलाज नाही. पण तुमच्या बाकीच्या मुलांना त्याची झळ लागू देणार नाही. तुमचा शब्द मला पुरेसा आहे."

म्हणजे सगळं सुरक्षित होतं. ताई सुरक्षित, पुढची तीन पोरं सुरक्षित. फक्त तोंड मिटून अजून थोडे जिने उतरायचे होते. ताई पहिल्या मजल्यापर्यंत तशा उतरल्याही. कुणाच्या तरी दाराबाहेर मुलांची सायकल आडवी लावलेली होती, सरांनी ती बाजूला करून त्यांना वाट दिली. त्या सभ्यपणानं ताईंचे पाय थांबले.

"सर, मी खोटं बोलले."

"कधी?"

"वर. आत्ता. आणि आधीही. मुलाखतीतलं ते मी शिकवलं त्याला. आजही आईंना मीच झोपवलं. त्यांना तर सकाळपर्यंत काही माहीत नव्हतं."

सरांनी पहिल्यांदाच त्यांच्या दातांकडे न बघता डोळ्यांत पाहिलं. "मग वर का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटतेय."

सर कठड्याला धरून उभे राहिले. "त्याला मी घेतलं असतं की नसतं, मला सांगता यायचं नाही," ते म्हणाले. "कदाचित नसतं घेतलं. पण ते मला ठरवू तरी द्यायचं होतंत. मला सरळ रडवून मोकळ्या झालात तुम्ही." त्यांचा राग आता कुठे वर यायला लागला होता. "आणि हे जिन्यात मला एकट्याला काय सांगताय? ज्यांच्यासमोर नाही म्हणालात त्यांच्यासमोर सांगा. चला, मी येतो."

वर जाताना ताईंना वाटलं, हा जिना मध्येच कोसळला तर किती बरं होईल. जिने असे कोसळत नसतात. दार उघडंच होतं. आई पलंगावरची चादर काढून तिची घडी घालत होती, टोकाला टोक जुळवून, हॉटेलातल्यासारखी. कुलूप खाली बसला होता. दोघांनी वर पाहिलं.

"मी नाही म्हणाले ते खोटं होतं," ताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "मी सरांना सगळं सांगितलंय. ते वाक्य माझं. त्यानं ते एकदाही आपणहून मागितलं नव्हतं."

त्यांना वाटलं होतं, पोराचा चेहरा थोडा तरी मोकळा होईल. कुलूप उलट ताडकन उठला. "तुम्ही कशाला बोललात? मी घेतलं होतं ना अंगावर! मिटलं होतं सगळं. ताई, आपल्यात असं बोलत नाहीत!"

"आपल्यात म्हणजे कुणात रे?" आईनं विचारलं.

कुलूप परत खाली बसला.

आईनं घडी पलंगावर ठेवली आणि ती ताईंकडे वळली. ओरडली नाही. "तुम्ही ह्याला तिथून बाहेर काढलंत म्हणून मी तुम्हाला देव मानत होते हो. आज कळलं, बाहेर कुठला आलाय? तेव्हा त्यांच्यासाठी गप्प बसायचा, आता तुमच्यासाठी बसतो. माणसं तेवढी बदलली."

मान वर करायचीच ताईंची हिंमत होत नव्हती. नजरेला फक्त आईची पावलं दिसत होती, दिवसभर उभं राहून सुजलेली.

सर दारातूनच कुलूपला म्हणाले, "मंगळवारी परत मुलाखतीला बस. मी एकटा नसेन, आम्ही तिघं असू. काय निर्णय होईल ते आत्ता सांगत नाही. एकट्यानं यायचं." मग ताईंना म्हणाले, "तुम्ही यायचं नाही. कॉलेजच्या फाटकापाशीसुद्धा थांबायचं नाही." आणि ते आईला नमस्कार करून निघून गेले.

खोलीत तिघं उरली. कुलूपचा राग जसा आला तसा ओसरला होता आणि आता तो नुसता घाबरलेला दिसत होता, पोरासारखा. तीन माणसं समोर बसणार आणि तोच प्रश्न विचारणार. सवय वाईट असते. तो ताईंकडेच वळला.

"ताई, मंगळवारी मी काय सांगू?"

ताईंनी तोंड उघडलं. आणि, देवाशपथ, वाक्य तयार होतं. एक नाही, दोन तयार होती. खाली बघून म्हण, घाई करू नकोस, हेसुद्धा जिभेवर आलं होतं. आई त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"मला नको विचारूस," ताई म्हणाल्या.

आईनं दार पूर्ण उघडून धरलं. ताईंनी वाकून चपला उचलल्या, आणि पायात घालायलाही न थांबता त्या जिना उतरू लागल्या.